सदर गरुड

ताईचं घर पाडलं आणि तिथे उच्चदाबाच्या लाइनचा टॉवर उभा राहिला. असो. तसं काही झालंच नाही असं धरून आपण पुढे जाऊ. तिचा भाऊही सध्या तेच करतो.

हा भाऊ धंद्याने सुतार. माळावरच्या पवनचक्क्यांची वीज शहरात न्यायला नवी लाइन येणार होती, ती नेमकी त्याच्या घरावरून. विरोध करायला तोंड नव्हतं. मागच्या उन्हाळ्यात दवाखान्यातली वीज गेली, तेव्हा ‘लाइन वाढवा’ म्हणून सगळ्यात मोठ्याने तोच ओरडला होता. म्हणून त्याने गुपचूप घरामागच्या झाडावर दुर्मीळ गरुडाचं घरटं बांधलं. ते जरा जास्तच सुबक झालं. काटक्यांना खाचा पाडून सांधे बसवायचा मोह त्याला आवरला नाही.

ताईला त्याने काही सांगितलं नाही. ती ओढ्यापलीकडे एकटीच राहायची, बदकं पाळायची, आणि जन्मभर कचेरीत टायपिस्ट असल्याने जेवायला वाढतानाही ‘सबब’ म्हणायची.

पाहणीला आलेला पक्षितज्ज्ञ शिडी लावून वर चढला. गरुड कामानिमित्त बाहेर असावा, म्हणाला. पण घरट्यात अंडं आहे. सुतार चपापला. अंडं त्याने ठेवलं नव्हतं. तरी एवढ्या शिकलेल्या माणसाला खोटं कसं पाडायचं, म्हणून त्याने नुसती शिडी धरून ठेवली.

लाइन सरकली. ओढ्यापलीकडे, ताईच्या छपरावर.

 त्यानंतर खरं सांगायला तो रोज वीज कचेरीपर्यंत जायचा आणि फाटकाला हात लावून परत यायचा. प्रायश्चित्त म्हणून त्याने ताईच्या सामानासाठी खोकी बनवली. तीही सुबक झाली, त्याची आणखी लाज वाटली.

घर सोडायच्या दिवशी शेजारीण म्हणाली की सरकारला माणसापेक्षा पाखरू प्यारं. ताईने तिला गप्प केलं. पाखराचा काय दोष, म्हणाली.

ते ऐकून सुतार टेम्पोमागे जाऊन उभा राहिला. मग नाक पुसत परत आला.

“ताई, त्या गरुडाबद्दल जरा बोलायचं होतं.”

ताई बदकं टोपलीत भरत होती. तिने मान वर केली नाही.

“माझ्याशी काय बोलतोस, त्यालाच कळव,” ती म्हणाली. “सबब, सदर गरुडाने घरट्यातलं बदकाचं अंडं आठ दिवसांच्या आत मूळ मालकिणीस समक्ष परत करावं, ही नम्र विनंती.”