बसऱ्याला गेलेला हात

"पलटनीत जाऊ नको बे सईद," उकंडराव तिसऱ्यांदा म्हणाले. "मोटारखात्यात जाय. नाहीतर रसदीच्या खात्यात. मांगं राह्यशीन, दोन घास खाशीन, वापस येशीन."

"पलटनीतच जातो काका," सईद म्हणाला. "अम्मीपुढं तेवढं नाव घ्या."

अंगणाबाहेर चिखलीला जायची बैलगाडी जुंपून उभी होती. उद्या चिखलीत भरतीचा साहेब येणार होता. फातिमाबीनं पोराला एकाच अटीवर मोकळं केलं होतं. उकंडराव ज्या खात्याचं नाव घेतील, त्याच खात्यात जायचं. नवरा बशीर गेल्यापासून तिला हे एकच पोर. आणि अख्ख्या दुसरबीडमध्ये लढाईतलं कळणारा माणूसही एकच, मागच्या जर्मन लढाईत इराकात बसऱ्याला उजवा हात देऊन आलेला.

दसऱ्याला गाव शिवेवर जायचं, तेव्हा आपट्याचं पहिलं पान उकंडरावांच्या थोट्या हाताला लावायचं आणि मग बाकीच्यांनी एकमेकांना सोनं द्यायचं, अशी रीतच पडून गेली होती. मग उकंडराव खंदकाच्या आणि तोफांच्या गोष्टी सांगत. चांगल्या रंगवून सांगत. त्या गोष्टी ऐकत महादेवरावांचा थोरला वाढला, आणि उकंडरावांनाच विचारून पलटणीत गेला. तीन आठवड्यांपूर्वी त्याची तार आली. आफ्रिकेत कुठल्याशा डोंगरावर लढताना पडला. तेव्हापासून उकंडरावांना अन्न गोड लागत नव्हतं.

त्यांनी इकडेतिकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला.

"ऐक. म्या बसरा पाह्यलाच नाही."

सईदनं गाठोड्याची गाठ आवळली.

"खामगावले भरतीले गेलो होतो, थे खरं. डाक्टरनं छातीले फीत लावली आन् हाकलून देलं. आता कोन्त्या तोंडानं गावात येऊ? तिथंच कापसाच्या जिनात कामाले लागलो. दुसऱ्या हंगामात यंत्राच्या पट्ट्यात हात गेला. घरी आलो त लोकंच म्हने, बसऱ्याले होता काय रे? म्या मान हलवली. बस, तेवढंच केलं. बाकी समदं त्याच्यावर चढत गेलं."

झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात. उकंडरावांची मूठच खामगावात राहिली होती, तरी गावात किंमत तेवढीच होती. ती आज त्यांनी आपल्या तोंडानं घालवली आणि त्यांना फार हलकं वाटलं. डोळ्यांत पाणीही आलं. पोरगा वाचला, असं त्यांच्या मनानं घेतलं.

"मले ठाऊक हाय काका," सईद म्हणाला. "पट्टा अब्बानंच उतरवला होता."

त्या हंगामात शेजारच्या यंत्रावर बशीर होता. जन्मभर तो एका शब्दानं बोलला नाही. वाटेत भेटला की सुपारी द्यायचा आणि पुढं जायचा. ती गोष्ट त्याच्याबरोबरच कबरीत गेली, असंच उकंडराव धरून चालले होते.

"मरायच्या आंधी सांगतलं मले. कोनाले सांगू नको म्हने, कसम घातली. मी सांगनार बी नाही." सईदनं गाठोडं उचललं. "पन अब्बा दोन हातानं जन्मभर राबला. त्याले कोनी ओट्यावर बस म्हटलं नाही. तुम्हाले न जाता एवढा मान भेटला. मी त खरंच जाऊन राह्यलो. मोटार हाकनाऱ्याले कोन पहिलं पान देते?"

"अबे, मरशीन!"

"थे तुम्हाले कसं ठाऊक?" सईदनं शांतपणे विचारलं. "तुम्ही त गेलेच नाही."

तो बाहेर पडला. उकंडराव मागोमाग धावल्यासारखे गेले. पोरानं ऐकलं नाही तर नाही. त्याच्या आईला एक शब्द सांगायचा होता, आणि तो शब्द त्यांच्या हातात होता.

गाडी महादेवरावांची होती. कासरा धरून ते पुढं बसले होते. तार आल्यापासून ते कोणाशी फारसं बोलत नसत. भोवती दहावीस माणसं जमली होती. फातिमाबी पदर सावरत पुढं आली.

"सांगा भाऊ. कोन्तं खातं?"

"मोटारखातं," उकंडराव म्हणाले. आवाज चांगला ठाम निघाला.

फातिमाबीचा चेहरा सैल पडला. "अल्ला तुमचं भलं करो," ती पुटपुटली. सईदनं मान खाली घातली. तो कसमेला बांधलेला होता आणि आईच्या अटीलाही. तो काहीच बोलणार नव्हता. झालं, एवढ्यावर सगळं निभावलं होतं.

महादेवरावांनी सावकाश मागं वळून पाहिलं.

"माह्या पोराले त तुम्ही पलटन सांगतली होती," ते म्हणाले. "शिपायाची खरी जागा खंदकात, म्हने. मी असाच उभा होतो इथं." ते रागावले नव्हते. त्यांना खरंच कळत नव्हतं. "मंग याले मोटार काऊन, उकंडराव?"

सगळी माणसं उकंडरावांकडं पाहू लागली. उत्तर एकच होतं, आणि थोड्या वेळापूर्वी ते अंगणात किती सोपं निघालं होतं. पण तिथं ऐकणारा पोरगा होता. इथं बाप होता. उकंडरावांनी तोंड उघडलं. महादेवराव वाट पाहत होते, आणि त्यांच्या डोळ्यांत अजून विश्वास होता.

फातिमाबीला त्यांची ती अडचण भलत्याच अर्थानं कळली. बिचाऱ्यांना सईदची माया आली, म्हणून ते शिपायाचा धर्म सोडून बोलले, असं तिला वाटलं. तिनं ओठ घट्ट मिटले. मग जड आवाजानं तिनंच विचारलं, "मले वाईट वाटन म्हनून बोलले ना भाऊ? खरं खातं पलटनच ना?"

तेवीस वर्षांपूर्वी हलवली होती तशीच उकंडरावांनी मान हलवली.