मुरमाच्या बारा गाड्या

कडूबा गवंड्यानं धान्याच्या रिकाम्या पेवात सोडलेला बांबू वर ओढून हातानं मोजला. सहा हात भरला. मग त्यानं भोवतालची खचलेली जमीन पावलांनी मापली.

"वैनी, मुरूम धा गाड्या लागंल. कुटला की बसतो, म्हणून वर दोन धरा. फरशा बावीस."

"अन् चुना?" तुळजाबाईनं विचारलं.

कडूबा गडबडला. चुन्याचं नाव निघू नये असं त्याला सकाळपासून वाटत होतं.

सक्तीनं धान्य नेणाऱ्या सरकारी लेव्हीवाल्यांच्या नजरेआड ज्वारी राहावी म्हणून तुळजाबाईच्या नवऱ्यानं, मच्छिंद्रनं, मधल्या खोलीतच हे पेव खोदलं होतं. पेवाचं तोंड कडूबानं बंद केलं. सारं गाव चिखलानं लिंपतं. या शहाण्यानं चुना भरला आणि मुंगीसुद्धा शिरणार नाही म्हणून मिशीवर ताव दिला. गेल्या महिन्यात मच्छिंद्र ज्वारी काढायला आत उतरला तो कोंडलेल्या हवेनं तिथंच गुदमरून मेला. त्याला वर काढताना कडा ढासळली, अर्ध्या खोलीची जमीन बसली. लोक म्हणाले, नशीब. कडूबाला मात्र तेव्हापासून अन्न गोड लागत नव्हतं.

"चुना न्हाई वापरत," तो पुटपुटला.

"तुमच्या मनानं करा. पण बराबर भरा." तुळजाबाईनं मच्छिंद्रच्या मारानं मोडून वाकडं बसलेलं मनगट पदराखाली घेतलं. "खाली पोकळ काहीच ठेवू नका. अन् जल्दी करा."

तिनं घासाघीस केली नाही, की एक वाकडा शब्द काढला नाही. तिच्यासमोर उभं राहायची कडूबाला लाज वाटली. शेवटी त्याला राहवेना.

"वैनी, मजुरी घेणार न्हाई मी. मच्छिंद्रला मीच मारलं. चिखल असता तर हवा निघून गेली असती, माझ्या चुन्यानं ती कोंडली. तुमच्या लेकरांच्या तोंडाकडं बघवत न्हाई मला."

त्यानं हात जोडले. तुळजाबाई भिंतीला टेकून खाली बसली.

"भाऊ, तुमचा काही दोष न्हाई," ती म्हणाली. "कोंडलेली हवा कोणत्या पेवात नसती? म्हणून तर आधी दिवा सोडून बघतात, इझला तर उतरत न्हाईत."

"मंग त्यानं सोडला न्हाई?"

"ते टोपली आणाया गेल्ते. दिवा मीच सोडला. खाली जाताच इझला. मी वर ओढून परत पेटवला, अन् ते आल्यावर मीच त्यांना म्हणलं, 'जळून राह्यलाय, उतरा.'"