पाठ केलेले डोळे

डोळ्यांसारखा प्रामाणिक साक्षीदार जगात नाही, असे निवृत्त सुभेदार लालासाहेबांनी उंब्रजपासून सांगलीपर्यंत एसटीत सगळ्यांना ऐकवले. शेजारी त्यांची मुलगी राजनंदिनी मोबाइल नाकाला लावून डोळे तपासायच्या तक्त्यातली अक्षरे पाठ करत होती.

ऑपरेशन करून तिचा चष्मा घालवायचा होता. पोलीस भरतीत तो नडत होता. पण ऑपरेशनआधी तपासणी असते म्हटल्यावर सुभेदारांना संशय आला. तपासणी म्हणजे कुणाला तरी नापास करणारच. डोळे फार अधू निघाले तर डॉक्टर हात वर करतील, मग पोरीने काय करायचे? भरतीच्या पोरापोरींना तो तक्ता आरतीसारखा पाठ असतो. तोच त्यांनी तिच्याकडून पुन्हा घोटून घेतला.

दवाखान्यात तिने यंत्रावर हनुवटी टेकवली. आत फुगा दिसतोय म्हणाली. सुभेदारांनी यंत्राच्या मागे जाऊन पाहिले. फुगा नव्हता. त्यांनी मान हलवली.

यंत्राने नंबर सांगितला उणे साडेचार. मग भिंतीवरच्या पडद्यावर तक्ता लागला आणि राजनंदिनीने बिनचष्म्याने शेवटची ओळसुद्धा खडाखडा म्हटली.

डॉक्टर सोनियांनी यंत्राकडे पाहिले, मग तिच्याकडे.

“मशीन बिघडलं असंल,” सुभेदार म्हणाले.

डॉक्टरांनी शेवटची ओळ पुन्हा वाचायला सांगितली आणि हळूच पडदा बंद केला.

“डी, ई, एफ, पी, ओ, टी, ई, सी,” राजनंदिनी म्हणाली.

डॉक्टर शांतपणे म्हणाल्या, “नंबर चुकीचा घेतला तर ऑपरेशनही चुकीचं होईल. डोळे तुझे आहेत. खरं काय दिसतं?”

“मॅडम, हितनं मला आबांचं तोंडबी दिसत न्हाई.”

सुभेदारांनी ते तोंड खिडकीकडे वळवले.

पडद्यावर वेगळी अक्षरे आली. राजनंदिनी अडखळली, चुकली, दोनदा गप्प बसली. खरा नंबर मिळाला. बुबुळाची जाडीही पुरेशी भरली. ऑपरेशन करता येईल, डॉक्टर म्हणाल्या. राजनंदिनीने ओढणीने डोळे पुसले.

सुभेदार उठले. दार लागलेले आहे ना, ते पाहून घेतले. मग आवाज खाली आणून म्हणाले, “समदं पटलं, मॅडम. तेवढा ह्या नव्या तक्त्याचा एक फोटू काढू द्या. आपरेशनचा काय भरवसा?”