भिंत की काच

आर्किटेक्टबाईंनी नव्या घराचा नकाशा चौथ्यांदा बदलला, तरी बापलेकीचं काही केल्या जमेना. लेकीला आपल्या खोलीला पक्की भिंत हवी होती. वडील मात्र हटून बसले होते की तिथे काच लावा, स्वयंपाकघर आणि हॉलही मोकळा ठेवा, घरातली माणसं कुठूनही दिसली पाहिजेत.

"बाबांना चोवीस तास पाळत ठेवायचीय माझ्यावर," असं म्हणून लेक तरातरा निघून गेली.

बाईंनाही ते पटलं. हा माणूस वयात आलेल्या पोरीला श्वास घेऊ देणार नाही, या विचाराने त्यांचा जीव अस्वस्थ झाला. पाठमोऱ्या उभ्या राहून नकाशा गुंडाळताना त्यांनी जरा फणकाऱ्यानेच विचारलं, "एवढा अविश्वास का हो तिच्यावर?"

उत्तर आलं नाही. त्यांनी आवाज चढवून पुन्हा विचारलं, तरी नाही. शेवटी त्या चिडून वळल्या, तेव्हा कुठे त्यांच्या ओठांकडे बघत वडील ओशाळून म्हणाले,

"समोर बघून बोला ना. घरात अजून कुणाला सांगितलं नाहीये, पण ओठ दिसले नाहीत की पोर काय म्हणतेय ते हल्ली मला कळत नाही."