गजभियेंचा आयडी

सोमवारी अकरा वाजता विश्वजीतसाहेबांनी दोघांनाही केबिनमध्ये बोलावलं होतं, आणि सव्वादहालाच सुखदेव गजभियेंचा तिसरा चहा संपला होता.

बोलावण्याचं कारण उघड होतं. मार्केट यार्डातून हॉटेलांना भाजी पुरवणाऱ्या या कंपनीत अहवालाच्या खोलीत माणसं दोनच, गजभिये आणि कल्याणी. दोन महिन्यांपूर्वी अहवालाच्या सॉफ्टवेअरमध्ये एआय सहायक आला. स्क्रीनच्या कोपऱ्यात एक चौकोन. त्यात मराठीत प्रश्न टाकायचा, तो तक्त्यासकट उत्तर देतो. त्याच दिवशी साहेबांनी सांगून टाकलं होतं, "या खोलीला आता एकच माणूस पुरे. कोण तो किती वापरतं ते बघू आणि मग ठरवू."

गजभियेंनी तो चौकोन एकदाही उघडला नव्हता.

कल्याणीचा आयडी यायचा होता, गजभियेंचा पहिल्याच दिवशी आला. त्यांनी पासवर्डची चिठ्ठी तशीच तिच्या टेबलावर सरकवली. "घे. माझ्याकडे नुसता गंजेल."

ते याला तत्त्व म्हणत. खरं तर ती भीती होती, आणि साधीसुधी नव्हती. अठरा वर्षं सकाळचा अहवाल त्यांनी काढला होता. कुठल्या गाळ्यावरून किती माल आला, किती सडला, कुठल्या हॉटेलला कमी पडणार. गाळेवाल्यांच्या पावत्यांवर नुसतं 'डाग चाळीस' लिहिलेलं असे. एकाचा डाग म्हणजे गोणी, दुसऱ्याचा डाग म्हणजे क्रेट. कुणाचा कोणता, हे फक्त गजभियेंच्या डोक्यात होतं, आणि तिथून त्यांनी ते कुणाच्या वहीत उतरू दिलं नव्हतं. दसऱ्याला चार दिवस दीक्षाभूमीला जायचे, तेवढीच त्यांची रजा. तेव्हाही नागपुरातून फोनवर डाग सांगत बसायचे आणि वैतागल्याचं नाटक करायचे. मनातून फार बरं वाटायचं.

यंदा फोन आलाच नाही.

परतल्यावर त्यांनी बॅग खाली ठेवायच्या आधी विचारलं, "काय गं, अहवाल निघाला का?"

"निघाला सर."

"आणि डागांचं काय केलंस?"

"जमलं. तुम्ही वंदनेला गेला होतात, म्हटलं कशाला त्रास द्यायचा."

गजभियेंनी चारही दिवसांचे आकडे तपासले. मग परत तपासले. चूक सापडली असती तर त्यांनी पेढे वाटले असते. तेव्हापासून त्यांना जेवण गोड लागत नव्हतं.

"अहो, एक प्रश्न विचारलात तर बोट झिजणार आहे का?" त्यांच्या बायकोने, हिराने, काल डबा घासता घासता विचारलं होतं.

"विचारला की त्याला कळणार, मला काय येत नाही ते."

"आणि नोकरी गेली की सगळ्या वस्तीला कळेल."

मुलगी पूर्वा इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला. एक्कावन्नाव्या वर्षी डाग ओळखणाऱ्या माणसाला कोण ठेवून घेणार?

अकराला दोन मिनिटं असताना ते उठले. कल्याणी दारातच होती. तिचा स्वतःचा आयडी गेल्याच आठवड्यात आला होता, तरी तीही घाबरलेली दिसत होती. वर्ध्याहून आलेली, धायरीत दोघींबरोबर खोली घेऊन राहणारी मुलगी. गजभियेंना तिची कीव आली, आणि लगेच स्वतःची जास्त आली.

केबिनमध्ये साहेबांनी बसायला सांगितलं. समोर लॅपटॉप उघडा होता.

"आडवळण घेत नाही," साहेब म्हणाले. "सहायकाकडून वापराचा अहवाल घेतलाय. कल्याणी, नऊ प्रश्न."

कल्याणीने मान हलवली.

"गजभिये." साहेबांनी चष्मा वर केला. गजभियेंनी खुर्चीचा हात घट्ट धरला. "चारशे बारा."

साहेबांनी नावांची अदलाबदल केली, असंच त्यांना वाटलं. मग चिठ्ठी आठवली.

कल्याणी त्यांच्याकडे बघत होती. काही बोलायला तिने तोंड उघडलं आणि थांबली. सर सांगतीलच, असं तिला वाटलं असावं.

"मला वाटलं होतं, तुम्ही याला हातही लावणार नाही," साहेब म्हणाले. "सगळे तुम्हीच विचारलेत?"

दोन महिन्यांची धाकधूक एका शब्दावर येऊन उभी होती. गजभियेंना लाज वाटली, अगदी कानापर्यंत वाटली. पण पूर्वाचा चेहरा समोर आला.

"हो साहेब. मीच."

कल्याणीने नजर खाली घातली.

"खात्री करून घेत होतो," साहेब म्हणाले. त्यांचा आवाज एकदम मऊ झाला. उठून टेबलाला वळसा घालून ते आले आणि त्यांनी गजभियेंचा हात दोन्ही हातांत घेतला. "गेले आठ दिवस मी अस्वस्थ आहे. अठरा वर्षांच्या माणसाला सांगायचं कसं? पण तुम्ही माझं काम सोपं केलंत. एवढं मोठं मन मी पाहिलेलं नाही."

"म्हणजे, साहेब?"

"लाजू नका हो. दसऱ्याला रजेवर होतात, तरी चार दिवसांत एकच प्रश्न एकोणीस वेळा विचारलात, पार डागांचा हिशोब बरोबर येईपर्यंत. आता कल्याणी बिनधास्त सांभाळेल सगळं."

साहेबांनी लॅपटॉप त्यांच्याकडे वळवला. सगळ्यात वर, ठळक अक्षरांत, गजभियेंच्या नावापुढे लिहिलं होतं: 'सुखदेव गजभिये नसतील तर सकाळचा अहवाल कसा काढायचा?'