घरीच असायची

भरपाईच्या दाव्याची तारीख होती. कोर्टाच्या बाकावर शेवंताची चुळबुळ थांबत नव्हती. मोटारीने उडवल्यापासून तिचा उजवा हात लुळा पडला होता.

"अपघाताआधी बायको काय करायची?" विमा कंपनीच्या वकिलाने तिच्या नवऱ्याला विचारलं.

"काही नाही. घरीच असायची," तो सवयीने बोलून गेला.

"मग साहेब, नुकसान कसलं?" वकील न्यायाधीशांकडे वळून हसला.

शेवंताचं पित्त खवळलं. पहाटेपासून चूल, म्हशीच्या धारा, सासूचं अंथरूण कोण बघत होतं? ती ताडकन उठली, पण शिपायाने खाली बसवलं.

न्यायाधीशांना नवऱ्याच्या बोटांवरचे फोड दिसले. "हे काय?"

"भाकरी उलटताना भाजतं, साहेब."

"आधी कोण करायचं?"

त्याने वळून बायकोकडे पाहिलं.

"मघाचं उत्तर खोडा, साहेब."