चौदावा

बारा वाजेपर्यंत चाचणी हिरवी, म्हणजे पास, झाली, तर साहेबांना वरच्या मजल्यावरची खिडकीवाली खोली मिळणार होती. सगळे ज्याला खोडरबर म्हणत त्या प्रोग्रामरला चार वेळा पुढे ढकललेली सुटी. तपासणी करणाऱ्या ताईंना काहीच मिळणार नव्हतं, त्यामुळे ऑफिसात धास्ती होती ती त्यांचीच.

काम ऐकायला सोपं. दवाखान्यात पेशंटनं खाटेजवळचं बटण दाबलं की नर्सच्या फोनवर घंटा वाजायची. नर्सनं 'आले' दाबलं की थांबायची. पण दोन खाटांवरून एकदम बोलावणं आलं, तर कधीमधी एक घंटा वाजायचीच नाही. खोडरबरनं घंटेचा हा भाग सहा वेळा मुळापासून लिहिला होता. सहाव्यांदा लाल दिसायचं बरंच कमी झालं. आणि दिसलंच, तर हिरवं येईपर्यंत चाचणी पुन्हा पुन्हा चालवायची, हा ऑफिसचा रिवाज. हिरवं आलं की आधीचं लाल कुणी पाहिलेलंच नसे.

त्या सकाळी ताईंनी चाचणी दोनशे वेळा चालवली. पाच लाल.

दोनशेपैकी एकशे पंच्याण्णव मिळवणाऱ्या पोराचे आईबाप पेढे वाटतात, असं साहेबांनी समजावलं. ताईंचा आपल्या सुटीवरच डोळा आहे, असं खोडरबर पुटपुटला. साहेबांनी चाचणी पास झाल्याच्या कागदावर तीनदा सही मागितली. तिसऱ्यांदा 'ताई'चं 'बाई' झालं.

"अहो, पुन्हा चालवा, होईल हिरवं."

"होईल ना," ताई म्हणाल्या. "म्हणूनच सही करत नाही."

एवढ्यात दवाखान्याच्या मेट्रनबाई आल्या. साहेबांनी स्वतः बटण दाबून दाखवलं. घंटा छान वाजली. ताईंनी मग दोन बटणं मेट्रनबाईंच्या दोन हातांत दिली आणि एकदम दाबायला सांगितलं. साहेब म्हणाले, बसा. ताई उभ्याच राहिल्या.

नर्सचा फोन खोडरबरच्या हातात होता. मेट्रनबाई दाबत होत्या, तो अंगठ्यानं 'आले' म्हणत होता. तेरा वेळा दोन्ही घंटा वाजल्या. चौदाव्यांदा एकच.

चौदातून एक, म्हणत साहेब हसले.

मेट्रनबाईंनी बटणं खाली ठेवली नाहीत.

"हा चौदावा कोण?"

खोडरबर आपल्या अंगठ्याकडे बघत राहिला. पहिल्या घंटेला 'आले' म्हणताना दुसरी येतच होती, आणि त्या एका 'आले'नं दोघींचं तोंड बंद केलं होतं. सहा वेळा त्यानं घंटा बदलली होती. 'आले'ला कधी हात लावला नव्हता.

तो जागेवर जाऊन बसला आणि साहेबांदेखत त्यानं सहावं लिखाण पुसून टाकलं. साहेब म्हणाले, आता सुटी विसर.

"विसरलो," तो म्हणाला, आणि ताईंसाठी खुर्ची ओढली.

सातव्या लिखाणाला पाच आठवडे लागले. खोली दुसऱ्याच साहेबांना मिळाली. खोडरबरची सुटी गेली. ताईंच्या वार्षिक अहवालात 'अडवणूक करतात' असा शेरा पडला. चौदाव्याला काहीच मोजावं लागलं नाही; तो अजून दवाखान्यात दाखलही झाला नव्हता.